हिशोब मागणाऱ्यांचा हिशोब

(पोस्ट लांबलचक आहे. निवांत वाचा.)

माहिती अधिकारात एखाद्या कामाची फाईल मागितली की चार दिवसांत एक प्रश्न हमखास कानावर येतो. "यांना पैसा कोण पुरवतं?" रस्त्यावर डांबर किती पडलं हे कुणी विचारत नाही, पण अर्जावरच्या दहा रुपयांची गावभर चौकशी होते. मला या प्रश्नाचा राग येत नाही. जो दुसऱ्याकडे हिशोब मागतो त्याला स्वतःचाही दाखवावा लागणारच. फक्त हा प्रश्न आज उपटलेला नाही. दीडशे वर्षं तो विचारला जातोय, आणि आपल्याकडची त्याची सुरुवात पुण्यात आहे, तीही एका देवस्थानाच्या कारभारातून.

पर्वती देवस्थानाच्या पंचांबद्दल लोकांच्या तक्रारी होत्या. पैसा देवाचा, कारभार पंचांचा, आणि विचारायचं कुणी? एकटादुकटा माणूस गेला की "तू कोण?" म्हणून परत पाठवायचे. त्यातून २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा उभी राहिली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, यांनी "तू कोण?" या प्रश्नाचंच उत्तर शोधलं. सभेचा सभासद व्हायचं तर निदान पन्नास लोकांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणायचं. सुरुवातीला असे ९५ सभासद होते आणि ते सुमारे ६००० लोकांच्या वतीने बोलत होते. आजच्या किती संस्थांना हे जमेल? मोठ्या मोठ्या अहवालांच्या पहिल्या पानावर "जनतेच्या वतीने" असं छापलेलं असतं, पण कोणत्या जनतेच्या, हे शेवटच्या पानापर्यंत कळत नाही.

सभेचा खर्च कसा चालायचा? सभासदांची वर्गणी होतीच, पण सरदार, इनामदार, संस्थानिक यांचा आधारही मोठा होता. पहिले अध्यक्षच औंधचे पंतप्रतिनिधी होते. म्हणजे 'बड्यांचा पैसा' तिथेही होता. तरीही सभेने शेतसाऱ्याची चौकशी केली, दुष्काळात गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवली, आणि लोकांना कोर्टाच्या खर्चातून सोडवावं म्हणून लवाद कोर्टं चालवली. सामान्य माणसाला न्याय परवडला पाहिजे हा विचार १८७० च्या दशकात मराठी माणूस पदरमोड करून अमलात आणत होता. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांवर खटला उभा राहिला तेव्हा वकीलपत्र घ्यायला सार्वजनिक काका पुढे आले. सरकारविरुद्ध बंड केलेल्या माणसाचं वकीलपत्र घेणं म्हणजे काय जोखीम, ते आपल्याला घरबसल्या कळायचं नाही.

आणि सरकारने काय केलं? १८९७ मध्ये दुष्काळातल्या सभेच्या चळवळीवर चिडून सभेची मान्यताच काढून घेतली. सभा बंद केली नाही हं. यापुढे सार्वजनिक प्रश्नांवर सरकारशी पत्रव्यवहार करण्याचा तिचा अधिकार आम्ही मानत नाही, एवढंच सांगितलं. "तू कोण?" पुन्हा आलं.

मधल्या काळातलं एक प्रकरण मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं. मुंबईत ज्याच्या नावाचं मार्केट आहे तो आर्थर क्रॉफर्ड. मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर. पुढे तो मध्य विभागाचा कमिशनर होऊन पुण्याला आला. १८८८ मध्ये त्याच्यावर आरोप झाला की हणमंतराव नावाच्या मध्यस्थामार्फत तो बदल्या-बढत्यांसाठी मामलेदारांकडून पैसे घेतो. सरकारने चौकशी लावली. लाच देणं हाही गुन्हाच, मग साक्ष द्यायला कोण येणार? म्हणून सरकारने मामलेदारांना अभय दिलं : खरं सांगा, तुम्हाला काही होणार नाही. त्यांनी सांगितलं. निकाल असा लागला की क्रॉफर्डवरचा लाचेचा आरोप सिद्ध झाला नाही. हाताखालच्या लोकांकडून कर्जं घेतल्याबद्दल त्याची नोकरी गेली, बस्स. इकडे लाच दिल्याची कबुली देणारे मामलेदार पदावर कसे राहतात, अशी विलायतेत ओरड झाली आणि अभय दिलेल्यांपैकी काहींना घरी पाठवलं गेलं. टिळक त्यांच्या बाजूने उभे राहिले, लिहिलं, सभा घेतल्या, विलायतेपर्यंत बाजू पोचवली. तेव्हा टिळक जेमतेम बत्तीस-तेहतीस वर्षांचे.

भ्रष्टाचाराविरुद्ध बोलणाऱ्याची खरी किंमत इथे दिसते. अर्ज स्वस्त असतो, साक्ष महाग असते. सव्वाशे वर्षांनी, २०१४ मध्ये, आपल्या संसदेने गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा मंजूर केला. राष्ट्रपतींची सही झाली. पण तो लागू करण्याची अधिसूचना निघालेली नाही. कायदा आहे आणि नाहीही. क्रॉफर्डच्या मामलेदारांनी हे वाचलं असतं तर त्यांना नवल वाटलं नसतं.

स्वातंत्र्यचळवळीतल्या पैशाबद्दल फार लिहीत नाही, तो वेगळा विषय आहे. पण टिळक गेल्यावर त्यांच्या नावाने जो स्वराज्य फंड उभारला त्याचं उद्दिष्ट एक कोटी रुपयांचं होतं आणि ३० जून १९२१ च्या मुदतीत ते पुरं झालं. त्यात गिरणीमालक-व्यापाऱ्यांच्या मोठ्या रकमा होत्या आणि चार-चार आणेही होते. त्या फंडाच्या खर्चावरून पुढे वाद झाले, हिशोब मागितले गेले. सार्वजनिक पैसा म्हटलं की हे आलंच.

आता एकदम १९७६. आणीबाणीचं वर्ष. त्या एकाच वर्षात दोन गोष्टी झाल्या आणि त्या शेजारी-शेजारी ठेवून बघाव्यात अशा आहेत. एक, ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत कलम ३९-अ आलं : पैशाअभावी कुणी न्यायाला मुकू नये, त्यासाठी राज्य मोफत कायदेशीर मदत देईल. दुसरी, परदेशी देणग्यांवर नियंत्रण आणणारा कायदा आला, ज्याला आज सगळे एफसीआरए म्हणतात. एका हाताने न्यायाचं आश्वासन, दुसऱ्या हाताने तो मागणाऱ्यांच्या पाकिटावर नजर. बरं, त्या आश्वासनाला जो कायदा हवा होता तो १९८७ मध्ये झाला आणि लागू व्हायला १९९५ उजाडलं. नियंत्रण मात्र त्याच वर्षी लागू झालं.

परदेशी पैशावर देशाने लक्षच ठेवू नये असं मी म्हणत नाही. ठेवावं. शीतयुद्धाच्या काळात कोण कुणाला कशासाठी पैसे देत होतं हे सगळ्यांना माहीत आहे. प्रश्न असा आहे की लक्ष कुणावर, आणि सूट कुणाला. त्याकडे येतोच. त्याआधी थोडं राजस्थानात जाऊ, कारण आपण ज्या माहिती अधिकारावर उड्या मारतो त्याचं एक मोठं मूळ तिथे आहे.

राजसमंद जिल्ह्यातल्या देवडुंगरी या गावी अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंह ही मंडळी मातीच्या घरात राहायला गेली. १ मे १९९० ला मजदूर किसान शक्ती संघटना स्थापन झाली. मागणी साधी : दुष्काळी कामावर राबलेल्याला पूर्ण किमान मजुरी द्या. अधिकारी म्हणायचे, काम कमी झालंय, कागदावर तसं आहे. मग कागद दाखवा. कागद दाखवायचा नाही. इथून पुढचं सगळं घडलं. २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातल्या कोटकिराणा इथे पहिली जनसुनवाई झाली. मस्टर आणि बिलं गावासमोर मोठ्याने वाचायची, आणि ज्याचं नाव आलं त्याने उठून सांगायचं की मी त्या दिवशी कामावर होतो का नव्हतो. मेलेल्यांची नावं निघाली, गाव सोडून गेलेल्यांची निघाली. घोषणा होती 'हमारा पैसा, हमारा हिसाब'.

पैशाचं काय? या संघटनेने संस्थात्मक अनुदान घ्यायचंच नाही असं ठरवलं. देशी नाही, परदेशी नाही. व्यक्तींनी दिलेल्या देणग्यांवर चालायचं, आणि पूर्णवेळ कार्यकर्त्याने सरकारने ठरवलेल्या किमान मजुरीएवढंच मानधन घ्यायचं. एप्रिल १९९६ मध्ये ब्यावरला चाळीस दिवसांचं धरणं झालं. ते कुठल्याही प्रकल्प-अहवालाशिवाय झालं. गावागावांतून धान्य आलं, बाजारातल्या लोकांनी मदत केली, चूल तिथेच पेटली. "यांना पैसा कोण पुरवतं?" या प्रश्नाला शहरात प्रत्येकाकडे उत्तर होतं, कारण तो पुरवणारे तेच होते. त्या वर्षी राष्ट्रीय पातळीवर माहिती अधिकाराची मोहीम उभी राहिली आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून देशभर कायदा लागू झाला.

हे वाचून लगेच "बघा, अनुदान न घेता होतं की" असं म्हणायचा मोह होतो. जरा थांबा. किमान मजुरीवर आयुष्य काढायला तयार असलेली माजी सनदी अधिकारी प्रत्येक तालुक्याला मिळत नाही. आणि धरणं धान्यावर चालतं, खटला धान्यावर चालत नाही. उच्च न्यायालयात जनहित याचिका टाकायची तर टायपिंग, झेरॉक्स, भाषांतर, मुंबईच्या खेपा, आणि वकील कितीही भला असला तरी त्याच्या कार्यालयाचा खर्च. कायद्याच्या लढाईला रोख लागते, आणि ती वर्षानुवर्षं लागते.

महाराष्ट्रातलं सांगायचं तर अण्णा हजारेंना टाळून चालणार नाही. आपल्या राज्याचा २००० सालचा माहितीचा कायदा लुळापांगळा होता. २००२ मध्ये चांगला मसुदा वटहुकमाने आला, पण दिल्लीच्या मंजुरीसाठी रखडला. ऑगस्ट २००३ मध्ये अण्णा आझाद मैदानावर उपोषणाला बसले आणि राष्ट्रपतींची मंजुरी आली. हे श्रेय त्यांचं आहे, नंतरच्या राजकारणाने ते पुसलं जाऊ नये.

त्याच वर्षी अण्णांच्या आरोपांवरून मंत्र्यांच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती पी. बी. सावंत आयोग नेमला गेला. सरकारने त्याच आयोगाकडे अण्णांच्या संस्थांचीही चौकशी सोपवली. २००५ मध्ये अहवाल आला. काही मंत्र्यांवर ठपका आला, राजीनामे झाले. पण अहवालात हेही होतं की हिंद स्वराज ट्रस्टच्या पैशातून अण्णांच्या वाढदिवसाच्या कार्यक्रमावर झालेला दोन लाख वीस हजारांचा खर्च बेकायदा आणि भ्रष्ट आचरणात मोडणारा आहे. अण्णांच्या वकिलांनी यावर आपली वेगळी बाजू मांडली आहे. मंत्र्यांच्या प्रकरणांपुढे ही रक्कम चिल्लर आहे हे कुणीही सांगेल. तरी २०११ मध्ये रामलीला मैदान भरलं तेव्हा विरोधकांनी पहिल्यांदा कोणता कागद बाहेर काढला? हाच. त्याच सुमाराला आंदोलनातल्या काहींच्या आधीच्या संस्थेला फोर्ड फाउंडेशनचं अनुदान मिळालं होतं यावरून रान उठलं. ते अनुदान कायदेशीर होतं, जाहीर होतं. पण लोकांना ते विरोधकांच्या तोंडून कळलं आणि तिथे गोष्ट बिघडली.

आता कायद्याची गंमत बघा. एफसीआरए २०१० मध्ये नव्याने आला आणि त्याचे नियम २०११ मध्ये आले. कोणत्या संस्थेला 'राजकीय स्वरूपाची' ठरवून परदेशी देणगी नाकारायची याची यादी त्या नियमांत होती. त्यात सार्वजनिक प्रश्नांसाठी बंद, हरताळ, रास्ता रोको, रेल रोको, जेल भरो यांचा नेहमी अवलंब करणाऱ्या संस्था होत्या. 'रास्ता रोको' हे शब्द भारत सरकारच्या राजपत्रात गेले ते असे! मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या नियमाला लगाम घातला : सत्तेच्या राजकारणाशी संबंध नसलेल्या संस्थेने लोकांच्या प्रश्नासाठी आंदोलन केलं म्हणून तिचा निधी तोडता येणार नाही.

तो आनंद सहा महिने टिकला. सप्टेंबर २०२० मध्ये कायदाच बदलला. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. आणि ज्या संस्थेला देणगी मिळाली तिने ती दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करायची नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हे बदल वैध ठरवले, तेव्हा कायदा म्हणून तो मान्य. पण परिणाम काय झाला ते खालून बघा. तालुक्यातल्या गटाला स्वतःची परदेशी देणगीची नोंदणी कधीच परवडत नव्हती. शहरातली मोठी संस्था अनुदान घ्यायची, त्यातून पाच-दहा लहान गटांना प्रशिक्षण, प्रवास, एखाद्या वकिलाचा खर्च द्यायची. ती नळी बंद झाली. शिवाय वकिलांची फी, कार्यालयाचं भाडं, हिशोब ठेवण्याचा खर्च हे सगळं प्रशासकीय खर्चात धरतात. शाळा बांधणाऱ्या संस्थेचा पैसा विटांत जातो. भ्रष्टाचाराची प्रकरणं लढवणाऱ्यांचं काम म्हणजेच फाईल वाचणारी माणसं आणि वकील.

आणि सूट कुणाला? २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ठरवलं की देशातल्या दोन्ही मोठ्या पक्षांनी परदेशी मालकीच्या कंपनीशी संबंधित देणग्या घेऊन एफसीआरएचा भंग केला. मग २०१६ च्या आणि २०१८ च्या वित्त विधेयकांत 'परदेशी स्रोत' याची व्याख्याच बदलली, तीही मागच्या तारखेने. कुठपर्यंत मागे? ५ ऑगस्ट १९७६ पर्यंत. चाळीस वर्षांचं पाप एका ओळीत धुतलं. या एका मुद्द्यावर सत्ताधारी आणि विरोधक भांडले नाहीत. ज्या निवडणूक रोख्यांमुळे पक्षांना कोण पैसा देतं हे लोकांपासून लपत होतं, ते १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले. त्या याचिका करणाऱ्यांत एडीआर आणि कॉमन कॉज या संस्था होत्या. एडीआर ही अहमदाबादच्या आयआयएममधल्या प्राध्यापकांनी १९९९ मध्ये सुरू केलेली. ते खटले सात-सात वर्षं चालवायला कुणीतरी पैसे दिले म्हणून आपल्याला ती यादी बघायला मिळाली.

आणखी एक. संयुक्त राष्ट्रांनी २००५ मध्ये लोकशाही निधी काढला, जगभरच्या नागरी संस्थांना असल्याच कामासाठी अनुदान द्यायला. त्यात सुरुवातीपासून मोठी रक्कम घालणाऱ्यांत भारत सरकार आहे. बाहेरच्या संस्थांनी आपापल्या सरकारांना जाब विचारावा म्हणून आपण पैसे देतो.

मग देशातला पैसा? कंपन्यांनी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चायचा सीएसआरचा नियम २०१४ पासून आहे. त्या कामांच्या यादीत शिक्षण आहे, आरोग्य आहे, खेळ आहे, वारसा आहे. सार्वजनिक कारभाराची तपासणी नाही. असती तरी ज्या कंपनीकडे रस्त्याचं कंत्राट आहे ती त्याच रस्त्याची फाईल मागणाऱ्याला पैसे देईल का? तिच्या जागी मी असतो तर मीही दिले नसते.

उरतो आपण. गणपतीला, सप्त्याला, मंदिराच्या कळसाला वर्गणी मागायची वेळ आपल्या गावात कधी कठीण गेली नाही. मीही देतो. पण आमच्या सहा-सात जणांच्या गटाची वही मी लिहितो, म्हणून मला आकडे पाठ आहेत. अर्जाला दहा रुपये, प्रत हवी तर पानाला दोन रुपये, पहिल्या अपिलाला वीसचं तिकीट, दुसऱ्याला वीस. सहाशे पानांची फाईल असेल तर बाराशे रुपये. आयोगापुढे सुनावणी लागली की गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी. माणसं अर्जाच्या दहा रुपयांवर अडत नाहीत, सुनावणीच्या दिवशी अडतात. आमच्यातला एक जण रोजंदारीवर आहे. त्याचा अर्ज सर्वांत चांगला लिहिलेला असतो आणि तोच सुनावणीला येऊ शकत नाही. गेल्या वर्षापासून त्याची त्या दिवसाची मजुरी आम्ही वर्गणीतून देतो. यावर कुणी "पैसे घेऊन तक्रारी करतात" म्हटलं तर म्हणू दे. ब्यावरला धरणं धरणारेही मजुरी बुडवूनच बसले होते, आणि त्यांना गावाने जेवू घातलं.

तळेगाव दाभाड्यात १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला गेलेल्या सतीश शेट्टींचा खून झाला. जमिनींचे गैरव्यवहार ते बाहेर काढत होते. तेव्हापासून आम्ही एक नियम पाळतो : कुठलाही अर्ज एकाच्या नावाने टाकायचा नाही. एकाच विषयावर चार जण चार अर्ज करतात. खर्च चौपट होतो. तो वर्गणीतला सर्वांत मोठा आकडा आहे आणि तो कमी करायचा आमचा विचार नाही.

कुणी मोठं अनुदान देऊ केलं तर घ्यायचं का, यावर आमच्यात दोन मतं आहेत. एकाचं म्हणणं, घेतलं की पुढच्या वर्षीचा विषय देणारा ठरवतो. माझं म्हणणं, वकिलापुरतं घ्यावं, ज्याने दिलं त्याचं नाव आणि रक्कम आधी आपणच लावावी, आणि रोजचं काम वर्गणीवरच ठेवावं. भांडण मिटलेलं नाही. अजून कुणी देऊही केलेलं नाही म्हणा.

यंदाची जमा-खर्चाची वही वाचनालयात टेबलावर ठेवली आहे. देणाऱ्यांची नावं आहेत, ज्यांनी नाव नको म्हटलं त्यांचे पैसे आम्ही परत केलेत. ज्याला बघायची त्याने बघावी, फोटो काढला तरी हरकत नाही.